दुष्काळाचा अर्ज विचाराधीन आहे

दुष्काळ आपल्याकडे नुसता पडून चालत नाही, तो मंजूर व्हावा लागतो. केंद्राच्या 2016च्या दुष्काळ संहितेप्रमाणे आधी पावसाची तूट सिद्ध करायची, मग उपग्रहाकडून पिकांची हिरवाई तपासायची, जमिनीतला ओलावा बघायचा आणि शेवटी तालुक्यातल्या दहा टक्के गावांत बांधावर जायचं. तोवर सोयाबीन करपून गेलेलं असतं, त्यामुळे पाहणी झटपट उरकते. 2018 साली महाराष्ट्राने 151 तालुके जाहीर केले, तेव्हा ऑक्टोबरची 31 तारीख उजाडली होती. समन्वय मात्र चोख! महसूल, कृषी, पाणीपुरवठा, सगळे आढावा बैठकीला हजर; प्रत्येकापुढे पाण्याची सीलबंद बाटली. टँकरची खेप पोचली का, ते जीपीएसला विचारतात. हंडा घेऊन ताटकळलेल्या बाईला विचारून काय उपयोग? तिच्या सांगण्यावर बिल निघत नाही.