सातांतले तीन

भाच्याचा फोन आला तेव्हा मी रसवंतीत होतो. "मामा, मेमध्ये दीड दिवस नगरला येतोय. सात ठिकाणं काढलीत. तिकिटं कुठून बुक करू?"

मी ग्लास खाली ठेवला. शिर्डीच्या दर्शनाचा पास लोक घरबसल्या काढतात, हे खरं. पण ती मंडळी नगर बघतात ती गाडीच्या खिडकीतून. खुद्द नगर बघायला आगाऊ तिकीट मागणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता, आणि तोही घरातलाच.

दोष त्याचा नाही. गेल्या उन्हाळ्यात हे कुटुंब पॅरिसला जाऊन आलं. तिथे मोनालिसासुद्धा वेळ ठरवून भेटते म्हणे. तेव्हापासून हा मामीला आमरसाचाही 'स्लॉट' विचारतो.

संध्याकाळी रंगीत तक्ता आला. भुईकोट किल्ला, रणगाडा संग्रहालय, चांदबीबीचा महाल, फराहबाग, बागरोझा, दमडी मशीद, मेहेराबाद. प्रत्येकाला पाऊण तास. वर तक्रार, की नेटवर एकदा अहमदनगर शोधावं लागतं, एकदा अहिल्यानगर. आम्ही काय, आधीही नगरच म्हणत होतो, अजूनही नगरच म्हणतो.

मी कळवलं : किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, आधारकार्ड आण. रणगाड्यांचं तिकीट तिथेच खिडकीवर मिळेल. बाकीचं आल्यावर बघू.

"मग आत सोडतील याची खात्री काय?"

"सोडायचं की नाही ते ऊन ठरवतं," मी म्हणालो. मेमध्ये नगरला स्लॉट दोनच. सकाळी दहाच्या आत, नाहीतर साडेचारनंतर. मधल्या वेळात माणसाने घरात पडून राहावं आणि गच्चीवर मामीच्या कुरडयांनी.

नऊच्या स्लॉटला मंडळी पोहे खात होती. रणगाड्यांपाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेलेले. 1965 च्या लढाईत पाकिस्तानकडून घेतलेल्या पॅटनवर नातवाने हौसेने तळहात टेकवला आणि किंचाळला. त्या लढाईनंतर पॅटनने काढलेला हा पहिलाच सूड असावा. उरलेले रणगाडे आम्ही झाडाखालून पाहिले.

किल्ल्यात मी थोडा रंगात आलो. "ऑगस्ट 1942. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, सगळ्यांना इंग्रजांनी इथे आणून ठेवलं. बुकिंग परस्पर, राहणं-जेवण सरकारी. नेहरूंचा मुक्काम 1945 च्या मार्चपर्यंत. तेवढ्यात 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून झाली."

भाच्याने घड्याळ पाहिलं. "आपल्याकडे वीस मिनिटं आहेत."

मग घरी आमरस, त्यावर तूप, त्यावर पंखा. फराहबाग, बागरोझा, दमडी मशीद आणि मेहेराबाद ही चारही ठिकाणं सर्वांनी डाव्या कुशीवर पाहिली. भाच्याचं घोरणं मात्र स्लॉटमध्ये मावेना. जागे झालो तेव्हा पाच वाजून गेले होते.

महालाला मात्र मी ओढून नेलंच. पाथर्डी रस्त्याने भिंगार मागे टाकलं की डोंगरावर ती अष्टकोनी दगडी इमारत दिसू लागते. नाव चांदबीबीचा महाल, पण तिथे चांदबीबी नाही आणि महालही नाही. मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान, त्याची ती कबर. जिवंतपणीच बांधून घेतली होती म्हणतात.

"म्हणजे अॅडव्हान्स बुकिंग!" भाचा दिवसभरात पहिल्यांदा खुलला.

"बेत सात मजल्यांचा होता म्हणे. वरून दौलताबाद दिसावं म्हणून."

त्याने मान वर करून मजले मोजले. तीन भरले. मग खिशातून फोन काढून तक्त्यातल्या खुणा मोजल्या. काही बोलला नाही.

वारा सुटला होता. पायरीवर बसून मामीने डब्यातल्या ओल्या कुरडयांचा चीक वाटला. खाली दिवे लागायला लागले.

"मामा, ते लांब दिसतंय ते दौलताबाद?"

"भिंगार."