काकू काशीला

आमची आई मालिकेची हजेरी घेते. वहीत नाही, डोक्यात. साडेसातला टीव्ही लागला की नायिकेकडे तिचं लक्षच नसतं. मागे कोणकोण उभं आहे ते ती मोजते. "मोठे काका आज पण नाहीत. आणि धाकट्या काकूंना जाऊन अकरा दिवस झाले."

जाऊन म्हणजे काशीला. इकडे नायिकेच्या खिरीत विष कालवलं गेलं, वाड्यात पोलीस आले, आणि सख्खी काकू काशीला! साधा फोन नाही. आईच्या मते ही माणुसकी नव्हे.

मी तिला अर्थशास्त्र समजावलं. काकूंसारख्या कलाकारांना बहुधा दिवसावर पैसे मिळतात. रडायला तीन माणसं पुरत असताना निर्माता तेरा जणांचा दिवस का भरेल? लग्नाला मात्र सगळे लागतात, म्हणून तर मालिकेतली हळद चार दिवस उतरत नाही. बोलावलंच आहे तर वसूल करून घ्या! 'लागिरं झालं जी'सारखं चित्रीकरण साताऱ्याकडच्या गावात असेल, तर मुंबईच्या नटाला आणायचं, उतरवायचं, जेवू घालायचं. मग त्याचे सगळे प्रसंग सलग उरकतात आणि मामा पुन्हा 'शेतावर' जातात.

"आणि आजी-आजोबा?" आईने विचारलं. तिला २०२० आठवत होतं. टाळेबंदीनंतर चित्रीकरण सुरू झालं तेव्हा पासष्टीपुढच्या कलाकारांना सेटवर सरकारी बंदी होती. ७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. सासऱ्याला स्वतःच्या दिवाणखान्यात बसायला उच्च न्यायालयाचा निकाल लागावा, असं कथानक कुठल्या लेखकाला सुचलं नसतं.

आईला हे सगळं पटलं. काशी तेवढी पटली नाही.

त्या शनिवारी आम्ही सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात नाटकाला गेलो. पडदा वर गेला आणि आईने माझं मनगट धरलं. रंगमंचावर धाकट्या काकू! नऊवारी नाही, अंबाडा नाही; बॉबकट केलेली वकीलबाई. पुढचं अख्खं नाटक आईने गुन्हेगार सापडल्यासारखं पाहिलं.

मध्यंतरात ती थेट आत. "काय हो, काशीला गेला होता ना?"

काकू हसल्या. "मावशी, या महिन्यात त्यांनी सहाच दिवस दिले. घरी बसून काय करू? दौरा घेतला. काल कोल्हापूर, आज तुमच्याकडे, उद्या कराड."

आता आली का पंचाईत! १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून सांगलीकराला नटाशी भांडता येत नाही. आईचा राग तिथेच विरघळला. तिने पिशवीतून भडंगाचं पुडकं काढलं, काकूंच्या हातात कोंबलं आणि वर बजावलं, "लवकर जावा घरी. त्या पोरीला बघायला कोण नाही."

पुढच्या गुरुवारी काकू परतल्या. अंबाडा जागेवर, हातात तांब्याचा गडू. साऱ्या घराला त्यांनी गंगाजल दिलं, नायिकेला पोटाशी धरलं, आणि आमच्याकडे पाहून डोळे टिपले.

आई टीव्हीकडे टक लावून बघत होती.

"भडंग एकटीनंच खाल्लं बघ."