माल अकोल्याले चालला

मूर्तिजापूरच्या एका घरातली जानेवारीतली दुपार. समोरच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस; भाव वाढेल या आशेवर दिवाळीपासून थांबलेला. त्याला पाठ लावून पुण्याचा भाचा, समोर मामा, मधे सतरंजीवर पत्ते आणि सरकीचे दोन ढीग. पैशाचा संबंध नाही. भाच्याचं पोकरचं ॲप ऑनलाइन पैशांच्या खेळांवरच्या बंदीत गेलं होतं. त्या बंदीच्या विधेयकावर राष्ट्रपतींची सही झाली २२ ऑगस्ट २०२५ ला, म्हणजे नेमकी पोळ्याच्या दिवशी. वऱ्हाडात ज्या सणाला बैलांपाठोपाठ पत्तेही बाहेर निघतात, त्याच दिवशी! दिल्लीला हे कुणी कळवलं नसावं.

"मामा, ब्लफ म्हणजे थापा नव्हेत. गणित असतं ते."

"हूल देनं म्हन ना सरळ. बैलबाजारात दुपट्ट्याखाली बोटं दाबून तेच करत होतो आमी."

"ऐका तर. मधे शंभर दाणे आहेत. मी पन्नास लावले. तीन वेळांतून एकदा जरी तुम्ही पॅक झालात, तरी माझं नुकसान नाही."

"अन् मी झालोच नाई तं?"

"व्हावं लागतं हो!"

"काऊन? सरकीच तं हाय. उद्या ढोराईले घालतो."

भाच्याचं सगळं शास्त्र इथं पांगळं झालं. समोरच्याला काही गमावण्याची धास्ती असेल तरच हूल चालते, आणि मामांना सरकीची धास्ती नव्हती. त्यातून ते तीन पत्तीचे जुने गडी. निम्मे डाव पत्ते न उचलता ब्लाइंड खेळायचे. ज्यानं स्वतःचेच पत्ते पाहिले नाहीत, त्याला कसं घाबरवणार?

"तीन पत्ती म्हणजे निव्वळ नशीब," भाचा चिडून म्हणाला. "सुप्रीम कोर्टानं १९६७ सालीच सांगितलंय. रमीत कौशल्य, तीन पत्तीत नशीब."

"कोर्टानं माह्यासंगं एक डाव खेळून पाहाले पायजे होता."

मग भाच्यानं २००३ सालचं लास वेगास काढलं. पोकरची जागतिक स्पर्धा, ८३९ खेळाडू. त्यात टेनेसीचा एक हिशेबनीस, ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून तिथं पोचलेला. शेवटी दोघंच उरले. समोर सॅमी फार्हा, मुरलेला, हातात नव्व्याची जोडी. हिशेबनिसाकडे राजा आणि सत्ती. कलर हुकला, सिक्वेन्स हुकला, हाती शून्य. त्यानं होतं नव्हतं ते सगळं मधे लोटलं. फार्हा बराच वेळ विचारात पडला आणि पॅक झाला. हिशेबनीस २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला.

"नाव काय त्या हिशेबनिसाचं?"

"ख्रिस मनीमेकर. खरंच आडनाव आहे."

"पैसे पाडनारा? आडनाव आयकूनच उठाले पायजे होतं त्या फार्हानं."

भाचा आता रंगात आला होता. स्पर्धेत बक्षीस बऱ्याच जणांत वाटलेलं असतं, म्हणून गेलेला दाणा मिळालेल्यापेक्षा महाग. समजा पंधरा जणांना बक्षीस आहे आणि सोळा जण उरलेत. अशा वेळी प्रत्येकाला एकच भीती, सोळावा मी नको. मोठा ढीगवाला तेव्हा हूल देत सुटतो, कारण दुसरं कुणी हात घालत नाही. आणि गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४४ सालच्या पुस्तकात दाखवलंय, की हूल मध्यम पत्त्यांवर द्यायची नसते, अगदी भंगार पत्त्यांवर द्यायची.

"म्हंजे बरा माल गपचिप ठेवाचा अन् किडक्या मालाचा बोभाटा कराचा? हे तं आमच्या बाजारात पयलेपासून हाय. पन तेच तेच केलं का लोकं इसवास ठेवत नाईत. शकुंतला रेल्वे सुरू होनार, शकुंतला सुरू होनार, आता मूर्तिजापुरात कोनी स्टेशनाकडं पाह्यते काय?"

पुढच्या चार डावांत भाच्यानं चारदा हूल दिली आणि चारदा सापडला.

"तुम्हाला कळतं कसं पण?"

"तुयाजोळ काई नसलं का तू मान खाजवतं."

भाचा मान खाजवत होता हे खरं. पण ती खाज साठवलेल्या कापसाची होती, सकाळपासूनची. तीन राण्या हाती असतानाही त्यानं खाजवलंच होतं, आणि तेव्हाही मामा पॅक झाले नव्हते, चांगले दोन मुठी दाणे घालवून बसले होते. मामा कधीच पॅक होत नसत. मानेचं शास्त्र त्यांनी आत्ता जन्माला घातलं.

इतक्यात फोन वाजला. खेडा खरेदीचा व्यापारी. मामांनी डोळ्यानंच भाच्याला खुणावलं, आता पाह्य.

"नाई ना बाप्पा, आता कुठं? माल तं अकोल्याले चालला. गाडी भरून रायली. दोन पोट्टे लावले हायेत, एक वरतं दाबून रायला."

भाच्यानं ढिगाकडे पाहिलं. वर मांजर झोपलं होतं. पण ते 'वरतं दाबून रायला' त्याला मनापासून आवडलं. असा तपशील मनीमेकरलाही सुचला नसता.

फोनमधला आवाज त्यालाही ऐकू आला.

"बरं झालं भाऊ. मी अकोल्यातच हावो. काट्यावर थांबतो, गाडीचा नंबर सांगा."

मामांनी फोन हातात तसाच धरला आणि दुपारपासून पहिल्यांदा स्वतःची मान खाजवली.