सर्वानुमते नोंद घेण्यात आली

कायदा नको आहे, पण ‘नको’ म्हणायचं धाडस नाही, अशा पेचात सापडलेल्या सरकारांची सोय न्यूयॉर्कमध्ये केलेली आहे. ती सोय म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या सहा मुख्य समित्यांपैकी सहावी समिती. विषय कायदा. सदस्य १९३ देश. प्रत्येकाला एक खुर्ची, एक माइक आणि कागदोपत्री एक मत. मत वापरायची मात्र इथे पद्धत नाही. शेजारच्या सुरक्षा परिषदेत नकाराधिकार उगारला की जगभर बोंब होते. इथे कसलाच आवाज होत नाही, कारण इथे जवळजवळ सगळं सर्वानुमते चालतं.

समितीची बैठक अनेकदा विश्वस्त परिषदेच्या दालनात भरते. विश्वस्त प्रदेशांवर देखरेख करणाऱ्या या परिषदेचं शेवटचं गिऱ्हाईक पलाऊ. तो द्वीपसमूह १९९४ मध्ये स्वतंत्र झाला आणि परिषदेने काम स्थगित केलं. सनदेत तिचं नाव आहे, इमारतीत तिचं दालन आहे, काम तेवढं नाही. जागेचे संस्कार म्हणतात ते असे.

हंगाम ऑक्टोबरच्या आरंभापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. एरवी देशोदेशींच्या न्यूयॉर्कमधल्या स्थायी कार्यालयांतले तरुण कायदेतज्ज्ञ किल्ला लढवत असतात. ऑक्टोबरअखेरीस, कायद्याचे मसुदे लिहून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचा अहवाल चर्चेला आला की राजधान्यांतून कायदा खात्यांचे प्रमुख उतरतात. मग तरुणांनी मागच्या रांगेत बसून साहेबांच्या भाषणाच्या प्रती सांभाळायच्या.

भाषण बसवणं अवघड नाही. आधी अध्यक्षांचं निवडीबद्दल अभिनंदन. मग आपल्या गटाच्या निवेदनाशी सहमती: अलिप्त देश, आफ्रिकी गट, युरोपीय संघ, जो कोणता असेल तो. म्हणजे सांगायचं ते दुसऱ्याने आधीच सांगून झालेलं असतं. त्यानंतर स्वतःच्या देशातर्फे चार शब्द. चार शब्दांची चार पानं झाली की ‘वेळेअभावी संपूर्ण निवेदन लेखी सादर करत आहोत’. आत मजकूर काय? विषय महत्त्वाचा आहे, विषय गुंतागुंतीचा आहे, विषयावर अधिक सखोल विचारविनिमय व्हायला हवा. ही तीन वाक्यं समुद्राच्या पातळीला चालतात, वंशसंहाराला चालतात आणि राजदूताच्या मोटारीलाही चालतात.

खरं काम मुख्य बैठकीत होत नाही, ते अनौपचारिक बैठकीत होतं. तिथेही जमलं नाही तर ‘अनौपचारिक अनौपचारिक’ बैठक बोलावतात. हे नाव सदरलेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही, तिथे ते रोजच्या बोलण्यात आहे. न पटलेल्या शब्दांना चौकटी कंस घातले जातात. कंस वाढू लागले की वाटाघाटी रंगात आल्या असं समजायचं. शेवटी मसुदा ‘मौना’वर ठेवतात: अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत कोणी हरकत घेतली नाही तर मंजूर. हाताची घडी, तोंडावर बोट. आणि मुदत संपत आली की एखाद्या राजधानीतून निरोप येतो, आमचं मौन मोडलं समजा.

या कारखान्यातला सर्वांत मुरलेला माल म्हणजे राज्यांच्या जबाबदारीचे नियम. एका देशाने दुसऱ्याचं बेकायदा नुकसान केलं तर त्याने काय निस्तरायचं, एवढाच साधा प्रश्न. विधी आयोगापुढे त्यावरचा पहिला अहवाल १९५६ मध्ये आला. ५९ कलमं लिहून पुरी झाली २००१ मध्ये. आमसभेने त्यांची नोंद घेतली. मग विषय २००४ मध्ये आला, पुढे ढकलला. २००७, २०१०, २०१३, २०१६, २०१९, २०२२: दर तीन वर्षांनी विषय पटलावर, दर वेळी पुढची तारीख. आजोबांनी दिवाणी दावा लावावा आणि नातवाने तारखा घ्याव्यात, असा हा मामला. दरम्यान आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि लवाद या कलमांचा आधार घेऊन निकाल देऊन मोकळे होतात. निकाल लागतात, नुकसानभरपाई ठरते, आणि समिती अजून या कलमांचा करार करावा की नाही यावर मतं आजमावते आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. १९९६ मध्ये भारताने दहशतवादाविरुद्ध सर्वंकष कराराचा मसुदा मांडला. त्याच डिसेंबरात आमसभेने त्यासाठी खास समिती नेमली. सुटे करार झाले: बॉम्बहल्ल्यांवर १९९७ मध्ये, आर्थिक रसदीवर १९९९ मध्ये, अणुदहशतवादावर २००५ मध्ये. म्हणजे दहशतवाद्याने काय करू नये हे जगाने ठरवलं. दहशतवादी कोणाला म्हणायचं यावर घोडं अडलं. परकीय ताब्याविरुद्ध लढणाऱ्यांना त्यात धरायचं का? सरकारी फौजांचं कृत्य त्यातून वगळायचं का? खाई त्याला खवखवे, त्यामुळे प्रत्येक देश व्याख्येकडे आधी आपल्या घराच्या खिडकीतून पाहतो. २००७ मध्ये तडजोडीचा मसुदा पुढे आला. तो अजून तडजोडीचा मसुदाच आहे.

२००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरक्षा परिषदेची दहशतवादविरोधी समिती मुंबईत हल्ला झालेल्या त्याच ताज हॉटेलमध्ये भरली आणि मृतांना आदरांजली वाहिली गेली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये सहावी समिती त्याच विषयावर वार्षिक चर्चा करत होती. दहशतवादाचा सर्व देशांनी एकमुखाने निषेध केला. कशाचा केला, ते ठरायचं आहे.

इथवर वाचून आपली कॉलर ताठ झाली असेल तर जरा थांबा. २०१९ मध्ये विधी आयोगाने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल कराराचा मसुदा तयार करून दिला. वंशसंहारावर करार आहे, युद्धगुन्ह्यांवर आहेत, या गुन्ह्यांवर स्वतंत्र करार नाही. समितीने २०१९ ला नोंद घेतली, २०२० ला घेतली, २०२१ ला घेतली. तेव्हा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कराराबाहेर राहिलेल्या भारताचा सूर काय होता? असलेल्या व्यवस्थेची पुनरावृत्ती नको, घाई नको, अधिक चर्चा हवी. मसुदा आपला असला की पंचवीस वर्षांचा उशीर म्हणजे जगाची बेपर्वाई. मसुदा दुसऱ्याचा असला की पाच वर्षं म्हणजे उतावीळपणा. हे फक्त दिल्लीचं वैशिष्ट्य नाही. प्रत्येक राजधानीच्या खिशात एक लाडका मसुदा आणि चार सावत्र मसुदे असतात.

तो सावत्र मसुदा अखेर २०२४ मध्ये हलला. मेक्सिको, गांबिया आणि सोबतचे देश हटून बसले. रशियाने दुरुस्त्या मांडल्या, रात्रंदिवस खल झाला, दुरुस्त्या मागे घेतल्या गेल्या आणि ठराव सर्वानुमते मंजूर झाला: कराराची परिषद २०२८ आणि २०२९ मध्ये भरवावी. समितीच्या मानाने ही क्रांती समजली जाते.

हे असंच चालायचं, कायदा म्हणजे वेळखाऊ काम, असं कोणी सांगू लागलं तर त्याला याच समितीचं १९४८ सालचं दप्तर दाखवावं. त्या वर्षी ती पॅरिसला भरली होती. पुढ्यात वंशसंहाराच्या कराराचा मसुदा. कलम वाचायचं, भांडायचं, हात वर करायचे, पुढचं कलम. सांस्कृतिक वंशसंहाराचं कलम काढलं गेलं ते २५ विरुद्ध १६ मतांनी, ४ तटस्थ. निर्णय चूक की बरोबर यावर आजही वाद घालता येतो, कारण कोणी घेतला हे कागदावर आहे. ९ डिसेंबरला आमसभेने करार मंजूर केला. एका हंगामात. पुढे २००५ मध्ये मानवी क्लोनिंगवरच्या घोषणेसाठी मतदान घ्यावं लागलं, तर ती समितीची नामुष्की ठरली. खरं तर त्या दिवशी कोण कुठे उभं आहे हे तरी कळलं.

सर्वानुमताची खरी करामत इथे आहे. त्यात सगळ्यांचं मत लागतं, म्हणून कोणाही एकाला अडवता येतं. आणि सगळ्यांनीच पुढे ढकललं असं इतिवृत्तात येतं, म्हणून अडवणारा कोणालाच दिसत नाही. सुरक्षा परिषदेत नकाराधिकार पाचांना आहे आणि तो उजेडात वापरावा लागतो. इथे तो १९३ जणांना आहे, आणि चहाच्या वेळेत कानात सांगून वापरता येतो. गावी परतल्यावर प्रत्येक मंत्री संसदेत छातीवर हात ठेवून सांगू शकतो की आम्ही कधीच विरोध केला नाही.

या मंडळींना कायदा पाळताच येत नाही, असं मात्र समजू नये. १९७१ पासून यजमान देशाशी असलेल्या संबंधांवर एक वेगळी समिती आहे. तिचा अहवाल सहाव्या समितीपुढेच येतो आणि त्यात वर्षानुवर्षं एक जिव्हाळ्याचा विषय असे, पार्किंग. राजनैतिक संरक्षणामुळे दंड वसूल करता येत नसे. १९९७ ते २००२ या काळात न्यूयॉर्कमधल्या राजनैतिक अधिकाऱ्यांनी दीड लाखाहून अधिक पावत्या न भरता साठवल्या. थकबाकी १ कोटी ८० लाख डॉलरच्या वर गेली. २००२ मध्ये शहराला अधिकार मिळाला: दंड थकवणाऱ्या गाडीची राजनैतिक नंबर प्लेट काढून घ्यायची. पुढे दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा नियमभंग जवळजवळ ९८ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. राजनैतिक संबंधांवरच्या व्हिएन्ना कराराच्या अनुषंगाने सखोल विचारविनिमय चालू राहिला. गाड्या मात्र नीट लागू लागल्या.

गाडी कोणी आडवी लावली हे कळायला नंबर प्लेट असते. ठराव कोणी आडवा लावला हे कळायला मतदान असतं. पहिलीच्या धाकाने ही माणसं एका वर्षात सुधारली. दुसऱ्याचा धाक त्यांना नेमका ठाऊक आहे, म्हणूनच तर त्यांनी ते सर्वानुमते बंद ठेवलं आहे.