एडिसनचा भूत-फोन आणि आपले तळपदे

ऐकलं का? त्या एडिसननं म्हणे मेलेल्यांशी बोलायचा फोन काढला. काढला तर काढला, वर विकायलाही ठेवला! घेणारे वेडे होताहेत, जिवाचं बरंवाईट करून घेताहेत. मग तपासाला कोण? तर निकोला टेस्ला! आणि त्याच्या जोडीला आलिस्टर क्राउली, तोच तो, तंत्रमंत्रात आकंठ बुडालेला बदनाम इंग्रज. साल 1899. शिव शिव!

हा सगळा उद्योग आर्थर शॅटक ओ'कीफ या गृहस्थांचा. 'द स्पिरिट फोन' ही त्यांची पहिलीच कादंबरी, 2022 ची. पहिलटकराची हिंमत बघा! आमच्या खानदेशातल्या बोदवडला स्टेशनाकडच्या टपरीवर एका कॉलेजच्या पोरानं ही गोष्ट सांगितली, तर चहा निवून गेला तरी कुणी हलेना.

"भो, दीपनगरच्या वीजकेंद्रातून आपल्याकडे लाइट येते ती त्या टेस्लाच्याच एसी करंटवर," एक आजोबा कळवळून म्हणाले. "एवढा शहाणा माणूस भुतांच्या नादी लागला?"

"म्हणून तर लाइट जाते," दुसरा म्हणाला. "तेव्हा तो तिकडे असतो."

पण खरी लाज पुढेच आहे. लेखकाला पदरचं फारसं घालावंच लागलेलं नाही! मृतांना संपर्क साधता येईल अशा यंत्रावर आपण काम करतोय, हे एडिसननं 1920 मध्ये स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. वय वर्षं 73. यंत्र काही कुणाला सापडलं नाही. टेस्लाही कमी नाही. 1899 मध्ये कोलोराडो स्प्रिंग्जला त्याच्या यंत्रावर टकटक ऐकू आली आणि त्याला वाटलं, परग्रहावरून कुणीतरी बोलतंय.

आता नाकं मुरडण्याआधी आपलं घर बघू. शिवकर बापूजी तळपद्यांनी 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर बिनमाणसाचं विमान उडवलं, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव महाराज बघायला होते, ही कथा अर्ध्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्या काळचा खात्रीचा पुरावा मात्र आजवर कुणी पुढे ठेवलेला नाही. तळपदे गेल्यावर, 1918 पासून, सुब्बराय शास्त्री नावाच्या गृहस्थांनी 'वैमानिक शास्त्र' हा विमानांवरचा ग्रंथ सांगायला घेतला. कुणाच्या प्रेरणेनं? म्हणे साक्षात भरद्वाज ऋषींच्या, अंतर्ज्ञानानं! बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्ये त्यातली विमानं तपासून सांगितलं की ही उडायची नाहीत. आपण ऐकतो होय? 2015 मध्ये मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला आणि त्याच जानेवारीत तळपद्यांवरचा 'हवाईजादा' पडद्यावर आला.

म्हणजे संशोधक आपला, गूढ आपलं, ऋषी तर आपलेच. फरक एवढाच, की त्या ओ'कीफनं आपल्या पुस्तकाला 'कादंबरी' म्हटलं. आपण तेच भाषणात ठोकतो आणि वर इतिहास म्हणतो. यात जास्त बेशरम कोण, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी तरी ओ'कीफला माफ केलंय.

मराठीत हे जमत नाही असंही नाही. आपले भयकथाकार नारायण धारप रसायन अभियांत्रिकी शिकलेले. त्यांच्या भुतांनी मराठी वाचकाची झोप उडवली, पण ती भुतं खरी आहेत असा फॉरवर्ड कुणी केला नाही. तेव्हा खानदेशातल्या लिहित्या पोरापोरींनो, घ्या तळपदे, घ्या शास्त्री, घाला चौपाटीवर अमावस्या आणि होऊ द्या एकदाची मराठी कादंबरी. फक्त कव्हरवर 'कादंबरी' हा शब्द ठळक छापा.