तळघरातले स्टेशनमास्तर

ॲन आर्बरच्या मराठी मंडळींत असे एक काका असतातच. नोकरी डेट्रॉइटच्या मोटारधंद्यात झाली, पण जीव रुळांवर. गावातल्या 1886 सालच्या दगडी स्टेशनात आता हॉटेल चालतं, तिथं ते जेवायला जात नाहीत. स्टेशनात सूप पिणं त्यांना सोसत नाही.

तळघरात चाळीस इंजिनं आणि दीडशे डबे. सगळे खऱ्याच्या 87 पट लहान आणि सगळे खोक्यांत. माळ्यावर ठेवायची सोय नाही. उन्हाळ्यात तिथं भट्टी पेटते, प्लॅस्टिक वाकतं. तळघर दमट, म्हणून हवेतलं पाणी ओढणारं यंत्र अखंड घुरघुरत असतं. आर्द्रता पन्नास टक्क्यांवर गेली की काकांना झोप लागत नाही. स्वतःचं ब्लडप्रेशर मात्र काकूंनीच मोजायचं.

सिलिका जेलचे मणी दमट झाले की काका ते ओव्हनमध्ये वाळवतात. नानकटाईसाठी काकूंनी ओव्हन उघडला, तर आत ताटभर साबुदाणा! "उपासाला चालतो का हा?" एवढंच त्यांनी विचारलं.

पहिलं इंजिन काकांनी लाडानं स्पंजात गुंडाळलं होतं. पंधरा वर्षांनी उघडलं, तर स्पंजाची काकवी होऊन रंगाला चिकटलेली. तेव्हापासून आम्लविरहित कागद, आणि स्पंज फक्त भांड्यांना. जुन्या जस्ताच्या ओतकामात शिशाची भेसळ निघाली तर धातू आतून फुगतो, तडकतो, इलाज नाही. अशी दोन इंजिनं काकांनी वेगळ्या कपाटात ठेवली आहेत. हा रोग संसर्गजन्य नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

एकदा काकूंनी मायेनं त्या खोक्यांत डांबरगोळ्या टाकल्या. त्यांच्या वाफेनं पॉलिस्टायरीन मऊ पडतं, यावर काकांनी अर्धा तास व्याख्यान दिलं.

"माझ्या पैठणीला कधी काही झालं नाही," काकू म्हणाल्या.

"अगं, पैठणी पॉलिस्टायरीनची नसते!"

"म्हणूनच मी ती नेसते तरी."

हे मात्र लागलं. शिवाय इंजिन बसून राहिलं की वंगण घट्ट होतं, हे काकांनाही मान्य आहे. त्यामुळे दर 1 जूनला, 1930 साली डेक्कन क्वीन सुरू झाली त्या दिवशी, हातमोजे चढवून ते एक खोकं उघडतात. निळ्या-पांढऱ्या रंगात रंगवलेलं मूळचं अमेरिकी इंजिन टेबलाला सहा फेऱ्या घालतं. काका श्वास रोखून बघत राहतात.

"अहो," जिन्यावरून काकू हाक मारतात, "लोणावळा आलं का? चहा गार होतोय."