फडताळातली मुदतवाढ

दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी या दोन मुहूर्तांवर महाराष्ट्रातल्या अनेक स्वयंपाकघरांवर धाड पडते. धाड टाकणारं पथक पुण्याहून, बेंगळुरूहून किंवा थेट न्यू जर्सीहून आलेलं असतं आणि ते परकंही नसतं. याच फडताळातले लाडू चोरून खात ते लहानाचं मोठं झालेलं असतं. पथक वरच्या कप्प्यात हात घालतं आणि २०१९ साली मुदत संपलेली कस्टर्ड पावडर, दगड झालेला सूपचा पुडा, कधीकाळी हिरवा असलेला ग्रीन टी, असा ऐवज ओट्यावर मांडतं. पंचनामा होतो, फोटो निघतात, ते कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातात. आरोपी शांतपणे म्हणतात, "असू दे रे, लागतं कधीतरी." एवढा कबुलीजबाब पुरेसा मानून निकाल लागतो: म्हाताऱ्या माणसांना काही टाकवत नाही, त्यांना तारखा बघायची सवय नाही, स्वतःच्या तब्येतीची फिकीर तर नाहीच नाही. खटला इतका सोपा वाटतो की आरोपपत्रातली मूळ चूक कोणाच्या ध्यानातच येत नाही. जप्त झालेला माल बहुतेक वेळा आरोपींचा नसतो. तो पथकाचाच असतो.

विधान धाडसाचं वाटेल, म्हणून पुरावा तपासू. मुदत संपल्याचा आरोप सिद्ध करायला छापील तारीख लागते आणि छापील तारीख फक्त पाकिटावर असते. मराठी स्वयंपाकघरात मात्र रोजच्या वापराची वस्तू पाकिटात राहतच नाही. रवा, पोहे, साबुदाणा, बेसन, तूरडाळ घरात आली की दिवेलागणीच्या आत डब्यात जाते आणि पाकीट कचऱ्यात. डबाही बहुधा दुसऱ्याच कोणाच्या नावाचा: बोर्नव्हिटाच्या बरणीत हरभऱ्याची डाळ, आइस्क्रीमच्या डब्यात भाजणी, कॉफीच्या बाटलीत मेतकूट. कशात काय आहे हे घरातल्या एकाच व्यक्तीला ठाऊक असतं आणि ती व्यक्ती ते कुठे लिहून ठेवत नाही. अशा व्यवस्थेत घराने मनापासून स्वीकारलेल्या कुठल्याही पदार्थावर तारीख उरत नाही. तारीख उरते ती न फोडलेल्या पाकिटावर. आणि पाच वर्षांत पाकीट फोडलं गेलं नाही, याचा सरळ अर्थ असा की तो पदार्थ त्या घराला कधी नकोच होता. पथकाला जो निष्काळजीपणाचा पुरावा वाटतो, तो खरं तर अत्यंत ठाम नापसंतीचा पुरावा आहे.

आता या पाकिटांची यादी वाचा. ओट्स, क्विनोआ, चिया, साखर नसलेली आणि म्हणून चवही नसलेली बिस्किटं, पास्ता व त्याच्या जोडीचा सॉस, ऑलिव्हची बरणी. यातलं एकही नाव आजींनी किराण्याच्या यादीत स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाही. पाकीट म्हणजे दर वेळी आलेला एकेक सल्ला आहे: रोज सकाळी वाटीभर खात जा, कोलेस्टेरॉल उतरेल. उरलेल्या अर्ध्या पुड्या म्हणजे सुट्टीतल्या प्रयोगांचे अवशेष. एका केकसाठी आणलेली बेकिंग पावडर, एका पिझ्झ्यासाठी आणलेलं ओरिगॅनो, एका फ्रूट सॅलडपुरती वापरलेली ती कुप्रसिद्ध कस्टर्ड पावडर. सल्ला मायेने दिलेला असल्यामुळे फेकता येत नाही आणि सकाळी पोहे असल्यामुळे पाळता येत नाही. अशा पेचात सापडलेल्या माणसाने काय करावं, याचा आदर्श आपल्या राज्यकारभारानेच घालून दिला आहे: मुदतवाढ द्यावी. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाने हाकला. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका मुदत उलटून एवढी टिकते, तर क्विनोआच्या पुड्यालाच घाई कशाला?

यावर पहिला आक्षेप सहानुभूतीचा येतो. ही माणसं टंचाईत वाढली, त्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, रेशनवरचा तांबडा मिलो खाल्ला, दुष्काळी कामांवरची सुकडी खाल्ली. म्हणून त्यांचा हात टाकायला धजत नाही. ऐकायला हे फार हृद्य आहे, आणि अर्धं खरंही आहे. पण टंचाईने माणसाला संपवायला शिकवलं, साचवून विसरायला नव्हे. मिलो कोणाला आवडत नव्हता, तरी तो संपला. कारण तो खाल्ला नाही तर दुसरं काही नव्हतं. याच काळात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या काही वरच्या कप्प्यात तीन वर्षांचा पास्ता पडून होता म्हणून नव्हे. उपासमारीच्या आठवणीने 'टाकू नये' हे कळतं. 'पडू द्यावं' हे कळायला घरात सुबत्ता लागते. वरचा कप्पा भरला तो उदारीकरणानंतरच्या पगारांनी, मॉलमधल्या ढकलगाड्यांनी आणि परदेशातून येणाऱ्या तेवीस किलोंच्या बॅगांनी. त्याचं खापर बिचाऱ्या बहात्तरच्या दुष्काळावर फोडणं म्हणजे त्यालाही मुदतवाढ देणं झालं.

दुसरा आक्षेप स्वतः आरोपींचा असतो आणि तो मोठ्या आत्मविश्वासाने येतो: "काही होत नाही त्याला. वास घेऊन बघ." नाकाची ही परंपरा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शेंगदाण्याचं कूट खवट झालं, खोबरं कडवट झालं, तेल जुनाट लागलं, पिठाला जाळी धरली, रव्यात पोरकिडे झाले, हे सगळं छापील तारखेच्या आधी घडू शकतं आणि तेव्हा नाकडोळ्यांचा निकाल कंपनीपेक्षा खरा ठरतो. लोणच्यात ओला चमचा घालायचा नाही, वर बोटभर तेल हवंच, हे नियम म्हणजे जंतूंना पाणी आणि बुरशीला हवा मिळू न देण्याचं पक्कं शास्त्र आहे. पण या शास्त्राच्या दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे साठीनंतर माणसाचं घ्राणेंद्रिय मंदावत जातं. म्हणजे तपासणीचं यंत्र तपासायच्या मालाइतकंच जुनं असतं. दुसरी अधिक गंभीर. दाणे किंवा मका दमट जागी राहिला की त्यावर येणाऱ्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. या विषाला वास नसतो आणि घरगुती भाजण्या-शिजवण्याने ते पुरतं नष्ट होत नाही. १९७४ मध्ये गुजरात आणि राजस्थानच्या आदिवासी भागात असा मका खाऊन शंभराहून अधिक माणसं यकृताच्या विकाराने दगावली. तेव्हा खरा धोका असलाच तर तो वरच्या कप्प्यातल्या बंद सुपात नाही. तो खालच्या, रोज उघडल्या जाणाऱ्या, तारीख नसलेल्या दाण्याच्या डब्यात आहे. पण पथक तिथे पोचत नाही. त्या डब्याचा फोटो ग्रुपवर टाकण्याजोगा निघत नाही.

तिसरा आक्षेप घरातल्या आजोबांचा. ते वर्तमानपत्र खाली ठेवून सांगतात की तारखा ही कंपन्यांची चलाखी आहे. माल लवकर फेका आणि नवा घ्या, एवढाच तिचा अर्थ. आजोबांकडे पुरावा नाही असंही नाही. ब्रिटनमध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने २०२२ मध्ये तीनशेहून अधिक फळं-भाज्यांच्या पाकिटांवरून 'बेस्ट बिफोर' काढूनच टाकलं. धडधाकट बटाटे लोक केवळ तारीख बघून फेकत होते. आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्सनेही साधी साखर, आयोडीन न घातलेलं मीठ आणि व्हिनेगर यांना तारखेतून सूट दिली आहे. आणि आपल्या आयुर्वेदात तर जुन्या तुपाला पुराण घृत म्हणून औषधाचा मान आहे. मात्र पुराण घृताचा मान पुराण सूपला मिळत नाही, आणि आजोबा इथेच घसरतात. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनी 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' तारीख सक्तीची केली आणि 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक ठेवलं. पहिली तारीख सांगते की यानंतर खाऊ नका. दुसरी सांगते की यानंतर चवीची हमी आमची नाही. आजोबा दोन्हींना चलाखी म्हणतात, नातू दोन्हींना मृत्यूचा दाखला म्हणतो, आणि दोघांपैकी पाकीट उलटं करून वाचत कोणीच नाही. शिवाय ती तारीख न फोडलेल्या, नीट ठेवलेल्या पाकिटाची असते. गॅसच्या शेगडीवरच्या कप्प्यात उन्हाळे काढलेल्या पाकिटाला ती लागू करणं हा कंपनीवरही अन्यायच.

इथे निष्पक्षपातीपणासाठी मान्य करायला हवं की सगळाच माल पथकाने आणलेला नसतो. एकावर एक मोफत मिळणाऱ्या नूडल्स आजोबांनीच आणलेल्या असतात आणि तिसरा किलो साबुदाणा आजींनीच. पण तोही गुन्हा हिशेबाचा आहे, स्वभावाचा नाही. जुन्या घरातल्या बेगमीला एक वर्षाचं चाक होतं. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे घातले जायचे, वर्षाचा मसाला कुटला जायचा, गहू ऊन दाखवून एरंडेल लावून कोठीत जायचा. आणि नवं भरायच्या आत जुनं संपलेलं असायचं, कारण घरात खाणारी आठ-दहा तोंडं होती. साठवणं आणि संपवणं ही एकाच कामाची दोन टोकं होती. पुढे मुलं शिकायला गेली, मग नोकरीला गेली, मग तिकडचीच झाली. तोंडं दोन उरली, ती पथ्यावरची. यादी मात्र आठ-दहा जणांचीच राहिली. ती तशी राहण्याचं कारणही पथकाच्याच फोनमध्ये आहे: "या वेळी नक्की पंधरा दिवस राहणार." त्या पंधरा दिवसांसाठी भरलेला किराणा, चार दिवसांत परतीचं विमान पकडणाऱ्यांच्या मागे उरतो. फडताळात साचतं ते न झालेल्या मुक्कामांचं जेवण.

अशा परिस्थितीत धाड हा उपाय किती कामाचा? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं साठ टक्के घराघरांतून. भारतीय घरांचा वाटा माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो. हे ५५ किलो आजींच्या फडताळातून गेलेले असणं अवघड आहे, कारण तिथून काही जातच नाही. ते जातं धाड टाकणाऱ्यांच्या स्वतःच्या फ्रिजमधून, जिथे परवाची मागवलेली बिर्याणी आज वास न घेताच टाकली जाते. शिवाय धाडीनंतर पथक रिकामा कप्पा बघून हळहळतं आणि संध्याकाळी पुन्हा भरून देतं: नवे ओट्स, ताजा क्विनोआ, या वेळी सेंद्रिय. अन्न प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना मुदत संपलेल्या मालाचा हिशेब दर तिमाहीला द्यायला सांगितलं. घरांना असा अहवाल सक्तीचा झाला तर 'पुरवठादाराचे नाव' या रकान्यात काय भरलं जाईल, या भीतीनेच बहुधा कोणी तशी मागणी करत नाही.

म्हणून सुधारणा हवी असेल तर ती तीन कलमी असावी. पहिलं कलम: धाडीची दिशा बदलावी, वरचा कप्पा नंतर, आधी दाणे, कूट, सुकं खोबरं, तीळ आणि पिठं बघावी, आणि प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख चिकटवावी. या चिठ्ठ्या लिहिण्याचं काम आजींचं नाही, अक्षर चांगलं असल्याचा दावा करणाऱ्या नातवंडांचं. दुसरं कलम: किराण्याची यादी घरात खरोखर राहणाऱ्या माणसांची असावी, येणाऱ्यांनी तिकीट काढल्याशिवाय मुक्कामाचे दिवस जाहीर करू नयेत. तिसरं कलम सर्वांत साधं आहे: जो जे आणेल, त्याने ते निघण्याआधी स्वतः संपवावं. ज्याला क्विनोआ आरोग्यदायी वाटतो, त्याने दिवाळीच्या चार दिवसांत, चकलीचा डबा समोर उघडा असताना, तो शिजवून खाऊन दाखवावा. हे कलम मंजूर झालं तर वर्षभरात महाराष्ट्रातली निम्मी फडताळं रिकामी होतील. मात्र ते मंजूर होण्याची शक्यता कमी. त्याला विरोध ज्येष्ठांकडून होणार नाही; त्यांनी तर ओट्सचा पुडा केव्हाच पुढे सरकवलेला असेल. पथकच म्हणेल की विषय गंभीर आहे, त्यावर सविस्तर बोलायला हवं, पुढच्या सुट्टीत बघू.